आजी असताना पाळणाघर कशाला?

प्रिय आई,

विनय मुक्ताला घेऊन बागेत गेलाय आणि मी तुम्हाला लिहायला बसलेय. सून सासूला असं पत्र लिहीत नसेल बहुधा, तेही सासू जाऊन आठ महिने झाल्यावर. पण सकाळी दारात पुन्हा एका पक्षाचं पत्रक पडलं होतं. वर नातवंडाला भरवणाऱ्या आजीचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'आपलं कुटुंब, आपली ताकद'. डोकंच फिरलं माझं. विनयशी बोलले असते तर रविवारचं भांडण झालं असतं. म्हणून तुमच्याशी बोलतेय.

आधी तुमच्यावरच रागावून घेते.

त्या गुरुवारी माझ्या कंपनीत ऑडिट होतं. अंधेरीला साडेआठपर्यंत पोचायचं म्हणून मी घाटकोपरहून सातलाच निघाले. चपला घालताना तुम्हाला विचारलं, "चेहरा असा का दिसतोय?" तुम्ही मुक्ताच्या केसांना तेल लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "माझा काय? तू जा. मी बघतंय तिका." नेहमीसारखंच. तिला बालवाडीत सोडलंत, दुपारी आणलंत, जेवू घातलंत, झोपवलंत. संध्याकाळी मी दारात आले, पर्स खाली ठेवली, तेव्हा कुठे खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "माका सकाळपासून बरा वाटणा नाय."

सकाळपासून, आई. सकाळपासून छातीत दुखत होतं आणि तुम्ही माझं ऑडिट संपायची वाट बघत होतात. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. शनिवारी तुम्ही गेलात. एक फोन केला असतात तर मी ऑडिट तसंच टाकून आले नसते का? की आले नसते, असं तुम्हाला वाटलं? हा प्रश्न मला आठ महिने टोचतोय.

तुमच्यानंतर काय झालं ते सांगते. पंधरा दिवस माझी आई येऊन राहिली. मग विनय आणि मी आळीपाळीने सुट्ट्या घेतल्या. त्याच्या सुट्ट्या लवकर संपल्या, म्हणजे त्याने तसं सांगितलं. शेवटी असल्फ्याला एका बाईंकडे पाळणाघर सापडलं. बाई चांगल्या आहेत, पण साडेसहाला दार बंद. त्यासाठी मला पाचला निघावं लागतं. साहेबांनी ऑडिटच्या टीममधून माझं नाव काढलं. म्हणाले, "तुमचीच सोय बघतोय." आता मी टेबलावर बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासते.

आणि बाहेर सगळे आमच्याच काळजीत आहेत. एक पक्ष म्हणतो, लहान मुलांच्या आयांना दर महिन्याला खात्यात पैसे देऊ. दुसरा म्हणतो, नवरा-बायकोचा टॅक्स एकत्र धरू, म्हणजे एकटाच कमावत असेल तर टॅक्स कमी बसेल आणि घरी राहणाऱ्या आईचा सन्मान होईल. टीव्हीवर दोघं रोज एकमेकांच्या अंगावर जातात. पण मुलाला सकाळी आठ ते संध्याकाळी सात ठेवायचं कुठे, हे कुणीच सांगत नाही.

त्या एकत्र टॅक्सवरून आमच्या घरातही झालं. जेवताना विनय अगदी सहज म्हणाला, "हे खरंच आलं ना, तर तू काही वर्षं घरी बसलीस तरी फारसं बिघडणार नाही."

मी म्हटलं, "आणि तू बसलास तर?"

"माझं काय मध्येच?"

"नियम तर दोघांना सारखाच आहे ना?"

तो वरणभात कालवत राहिला. तुमचा मुलगा वाईट नाही, आई. पण त्याच्या डोक्यात तो पर्याय आलाच नव्हता. तुम्ही त्याला स्वयंपाक शिकवलात, कपड्यांच्या घड्या शिकवल्यात. हे शिकवायचं कसं राहिलं?

मग गेल्या महिन्यात आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. निवडणूक लढवायला निघालेले ते एकत्र टॅक्सवाले गृहस्थ आले होते. मी मागे बसले होते, मांडीवर मुक्ता. ते म्हणाले, "परदेशात मुलं पाळणाघरात वाढतात. आपल्याकडे आजी आहे. आजी असताना पाळणाघर कशाला? आपल्या आज्यांनी कधी पाळणाघरं मागितली का?" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या आज्यांनीसुद्धा वाजवल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "आमच्या घरातली आजी गेली. आता काय करू?"

त्यांनी लगेच हात जोडले. म्हणाले, "ताई, मातोश्रींना माझी भावपूर्ण श्रद्धांजली." आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. पुनर्विकासाच्या.

मी उभीच. बसावं की निघून जावं कळेना. तेवढ्यात लोखंडे मावशी उठल्या. तुमच्या मैत्रीण, पलीकडच्या इमारतीतल्या. मला वाटायचं, तुमची ओळख भाजीच्या रांगेतली. त्यांनी माईक मागितला नाही, त्यांना लागतही नाही.

"ओ साहेब, थांबा जरा. ज्या आजीला आत्ता हात जोडले, तिने पाळणाघर मागितलं होतं. मागितलं काय, मिळवलं. मी होते ना सोबत."

तुम्ही विक्रोळीला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होतात, हे मला तिथे कळलं. बायकांच्या बाळांसाठी तिथे एक खोली होती. ती बंद करून मॅनेजरला माल ठेवायचा होता. तर तुम्ही सगळ्यांच्या पुढे होऊन त्याच्या केबिनमध्ये गेलात, वर्षाच्या विनयला त्याच्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "साहेब, बघा आता हेका. मी जातंय कामाक." मागोमाग लोखंडे मावशींनी त्यांची मुलगी ठेवली. मग तिसरीने. तिसऱ्या दिवशी खोलीचं कुलूप निघालं. पुढे दोन वर्षांनी कंपनीच बंद पडली, तोवर विनय त्याच खोलीत वाढला.

हॉलमध्ये सगळे हसले. ते गृहस्थही हसले. म्हणाले, "वा, अशी नारीशक्ती हवी," आणि खरोखर पुनर्विकासावर परत गेले.

घरी येऊन विनयला सांगितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या आठवणीत तुम्ही कायम ओट्यापाशीच. मग म्हणाला, "हॉस्पिटलच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, काही नाही." एवढं बोलून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला.

आई, का नाही सांगितलंत? मुक्ता झाली, माझी रजा संपत आली, तेव्हा मी पाळणाघरांची चौकशी करत होते. तेव्हा तरी सांगायचंत. आम्ही गृहीत धरलं की तुम्ही आहात. तुमचे गुडघे, तुमचं सोमवारचं भजन, मालवणला बहिणीकडे महिनाभर जायचं होतं ते, सगळं मागे पडत गेलं. मॅनेजरच्या टेबलावर मूल ठेवणारी बाई घरात का बोलली नाही? मुलाच्या घरात बोलणं जास्त अवघड असतं का?

तुमचं नाव निघालं म्हणून मला आणि मावशींना जोर चढला. तळमजल्यावरची जुनी बालवाडीची खोली रिकामीच पडली होती. तिथे पाळणाघर करू द्या, असा आम्ही अर्ज केला. सह्या गोळा केल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मुलांचा आवाज होतो, लोकांच्या तक्रारी येतील." दोन आठवड्यांत तीच खोली त्या गृहस्थांच्या संपर्क कार्यालयाला दिली. आता तिथे दिवसभर भोंगा लागलेला असतो. त्याची तक्रार कुणी करत नाही.

मावशींना शिव्या घालायच्या होत्या, मी अडवलं. चुकलंच माझं.

आम्ही दुसरा अर्ज लिहिलाय, यावेळी वॉर्ड ऑफिसला. होईल असं वाटत नाही. खरं सांगते, मला आता भाबडी आशा ठेवायचाही कंटाळा आलाय. घरात मात्र एक बदल झाला. मंगळवारी आणि गुरुवारी विनय लवकर निघतो आणि मुक्ताला आणतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या ऑफिसातल्या साहेबाने विचारलं, "बायको नाहीये का घरी?" घरी येऊन तो चिडचिड करत होता. मी मनात म्हटलं, चिडू दे थोडा.

तुम्हाला एक शब्द देते. मी नोकरी सोडणार नाही. टॅक्स एकत्र धरोत, नाहीतर वेगळा. आणि पुढे मुक्ताला मूल झालं, तर मी सांभाळीन की नाही, हे तिने आणि तिच्या नवऱ्याने मला समोर बसवून विचारायचं. मी बहुतेक हो म्हणेन. पण ज्या दिवशी माझ्या छातीत दुखेल, त्या दिवशी सकाळीच सांगेन.

तुमची,
स्मिता