खेळ आधी मी खेळून पाहिला

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं आणि मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. आता निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, भंडाऱ्यात दोन खोल्यांत एकटी राहते, आणि गेल्या महिन्यात मी मोबाईलवर बंदुकीने माणसं मारली. हसू नका. पालकसभेत आठवीच्या मुलांच्या एका खेळाचा विषय निघाला. ओसाड गावात चौघाचौघांच्या टोळ्या उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. मुलांना खेळू द्यावा का, असं पालकांनी विचारलं. मी उचलली जीभ लावली टाळ्याला: बंद करा, पोरं बिघडतात. तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमी खेलून पाह्यलं का? माही पोरगी मले हेच इचारते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या सभेत सांगते, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

घरी येताना चिखल्याच्या खाणीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. मी आठवीत आहे. कॉलनीत दाखवलेला सिनेमा किती घाणेरडा होता, ते आईला रंगवून सांगते आहे. तुम्ही पाळी करून आलेले, घास हातात धरून थांबता. "तू पाह्यला का? नाई ना? मंग बोलून कायले राहिली?" सुरुंग उडाल्यावर खाणीत आधी तुम्ही जायचात, सब्बलीने, त्या लोखंडी पहारीने, छत ठोकायचात, दगड खणखणीत वाजला तरच बाकीच्यांना बोलवायचात. बाहेर उभं राहून छताबद्दल बोलणारा तुम्हाला खपत नसे. मी त्या दिवशी रुसून जेवले नाही. तुमचं बरोबर होतं, हे कबूल करायला फार वर्षं लागली.

म्हणून खेळ घेतला आणि रोज शाळेतून आल्यावर पंधरा दिवस खेळले. आधी भिंतींनाच गोळ्या घातल्या. रक्त उडायचं त्याची किळस आली, मग चौथ्या दिवशी येईनाशी झाली, आणि त्याचीच भीती वाटली. पण त्या खेळात एकमेकांचे आवाज ऐकू येतात, बाबा. मी पडले की कुठलं तरी अनोळखी पोर धावत यायचं, "दीदी, रुको, उठाता हूँ" म्हणायचं. चहा गार व्हायचा. वह्या तपासायच्या राहायच्या.

काल सभा झाली. मी सांगितलं, खेळावर लिहिलेला वयाचा आकडा बघा, रक्त बंद करायची सोय आहे ती करा, आठवीला हा खेळ नकोच. दहावीला तुम्ही शेजारी बसणार असाल तरच, तोही तासभर. आणि बंदुकीपेक्षा आवाजांकडे कान द्या. कोणी मोठा माणूस गोड बोलून 'घरी कोण कोण आहे' असं विचारायला लागला, तर त्याच दिवशी खेळ बंद. त्या बाईने मान डोलावली, म्हणाली, "आता कसं, पाहून बोल्ल्या." मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. 'घरी कोण कोण आहे' हा प्रश्न मला कसा ठाऊक, हे सभेत कोणी विचारलं नाही. खेळातल्याच एका माणसाने मला विचारला होता. मी खेळ बंद केला नाही. कोणीतरी विचारतंय याचंच इतकं बरं वाटलं, की मी त्याला खरं सांगून टाकलं: कोणी नाही, मी एकटीच असते.