चौपन्न दातांचं चेनव्हील

मंगळ. ता. ७
॥ श्री ॥ आज आलं: बेळगावहून दादाचं पार्सल. सायकलचं ५४ दातांचं चेनव्हील १, जुनं, दात शाबूत. बोल्ट ५. बेसनलाडू ११, पैकी २ फुटलेले. दादाने मोजले १८००, टपाल ९५. पैसे नको म्हणतो, भाचीला दिलं. चिठ्ठीत: "पेलत नसेल तर लगेच परत धाड. इथे एकाने मागून ठेवलंय."
कावेरी ते उशाशी घेऊन झोपली. सतरा वर्षांची घोडी!
१९ ला, रविवारी, राज्याच्या सायकल संघाची निवड. वीस किलोमीटर, एकेकटीने, वेळ लावून. पहिल्या चौघी घेणार. पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही.

बुध. ता. ८
यशवंतपूरला सायकल दुरुस्तीवाल्या मुनियप्पाअण्णांकडे. पुढचं ५० दातांचं काढून ५४ चं बसवलं. मजुरी घेईनात. "हुडुगी, तुमची पोरगी, जिंकली की पेढे द्या अक्का." देव अशी माणसं कुठून पाठवतो.
तिचे सर म्हणतात, मोठ्या चेनव्हीलने पायडलच्या एका फेरीत सायकल जास्त पळते, पण पाय जड होतो. मिनिटाला ८५ फेऱ्या होत असतील तरच ५४. नाहीतर ५० च बरं. फेऱ्या मोजायचं यंत्र मिळतं, महाग. कावू म्हणाली, "कशाला? तू मोज की."

गुरु. ता. ९
पूजा उरकून बसले. सायकल स्टँडवर, चेन मागच्या १५ दातांवर. दहा मिनिटं. तिचा उजवा पाय खाली आला की माळेचा एक मणी, माळ पुरी झाली की एक चिंचोका बाजूला. नाम आपोआप ओठांवर.
चिंचोके ८. म्हणजे ८००. मिनिटाला ८०.
"किती गं?" सांगितलं. टॉवेल तोंडावर घेऊन बसली.

शुक्र. ता. १०
पुन्हा मोजलं. आठच. सर म्हणाले, मग ५० लावा. अण्णांनी बदलून दिलं. ५४ स्पीडपोस्टाने दादाला. कावू पोस्टात आली नाही.

शनि. ता. ११
वही लिहिताना सहज मांडलं. ५४ भागिले १५ = ३.६, पायडलच्या एका फेरीत चाक इतकं फिरतं. चाकाचा घेर २.१ मीटर. फेऱ्या ८००. सहा किलोमीटर, वर ४८ मीटर. कावूच्या मागच्या चाकाच्या मीटरवर मात्र साडेसहा! तिने दोन्ही दिवस तेच लिहून ठेवलंय. तीनदा मांडलं. जुळेना. मीटर खोटा म्हणावा तर...
मग हातातल्या माळेकडे लक्ष गेलं.
मणी १०८. आजेसासूबाईंनी शिकवल्यापासून माळेचे शंभरच धरते, वरचे आठ चुकल्यामाकल्या नामाचे. पोरीच्या फेऱ्याही तशाच धरल्या!
८ गुणिले १०८ = ८६४. मिनिटाला ८६.
रामराया, हे काय केलं मी.

रवि. ता. १२
सांगितलं. वाटलं आता भडकणार. तिने आधी वही ओढून हिशेब वाचला. मग हसायलाच लागली. "आई, नाम तुझं चुकलं असेल, माझा पाय एकदाही चुकला नव्हता!"
हे: "चौसष्ट फेऱ्या देवाला वाहिल्या म्हण."
मला हसू येईना. कावू लाडू घेऊन जवळ बसली, अर्धा माझ्या तोंडात कोंबला. हिला पोटी घातलंस देवा, अजून काय मागू.
सर म्हणाले, ५४ मिळालं तर तेच. नाहीतर ५० वर निघेल, पण मिनिटभर तरी जाईल. पहिल्या चौघींत मिनिट म्हणजे पुष्कळ. अण्णांनी दोन दुकानं पालथी घातली, हिच्या सायकलला बसेल असं मिळालं नाही.
दादाला ऐकू येत नाही, फोन ठेवत नाही. शेजाऱ्यांकडे लावला, ते गावाला गेलेत. उद्या उघडल्याबरोबर स्पीडपोस्ट. पत्राची नक्कल:

ती. दादास सा. न.
चेनव्हील परत पाठवलं ती चूक माझी. मोजणीत चुकले, कावूला ते पेलतं. कुणाला दिलं नसेल तर देऊ नकोस, तसंच इकडे धाड. शुक्रवारपर्यंत हाती आलं तर अण्णा रात्रीत बसवून देतो म्हणालेत. दिलं असशील तर त्या मुलाच्या पायाला यश येवो, मनाला लावून घेऊ नकोस. तू पाठवलंस म्हणून पोरीला आपलं बळ कळलं, हेच मोठं. लाडू पुरले. हो की नाही, दोन ओळी का होईना, उलट टपाली कळव.