अमर पेशींचं बारसं

३ मार्च
जमलं! माणसाच्या स्टेम सेल मी अमर केल्या. साध्या पेशी काही वेळा विभागतात आणि म्हाताऱ्या होतात. माझ्या होणार नाहीत. एक जीन आत घातला, बस्स. (घातला शेजारच्या टेबलावरच्या शौनकने. आयडिया लॅबच्या प्रमुख जयमाला मॅडमची. पण हो मी लगेच म्हटलं.) मॅडम म्हणतात, अमर केलेल्या पेशी कधीकधी बिघडतात, कॅन्सरच्या वाटेला लागतात. यांची गुणसूत्रं शाबूत आहेत हे दाखव, मग तुझी नोकरी पर्मनंट. दाखवायचं काय त्यात? दिसायलाच सज्जन आहेत.

१४ मार्च
आईला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने तळवली गावभर सांगितलं, आमच्या भावेशच्या पेशींना मरण नाही. मग म्हणाली, बारसं कर. उद्यासाठी डबाभर घुगऱ्या केल्यात. संकल्प: उद्यापासून लॅबमध्ये सगळ्यांआधी.

१५ मार्च
उशीर झाला, पण मॅडम पुण्याला. बारसं दणक्यात! बाळाच्या आधी वरवंटा सजवून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात. लॅबमध्ये वरवंटा कुठला? शौनकचा फ्लास्क घेतला, लिव्हर कॅन्सरच्या पेशींचा. शौनकही नको नको म्हणत आला. नवं नाव डकवायचं म्हणून दोन्हींची लेबलं आधीच काढून ठेवली होती. गोविंद-गोपाळ म्हणत दोन्ही फ्लास्क टेबलाच्या वरून-खालून फिरवले. नाव ठेवलं चिरंजीवी. घुगऱ्या कॅन्टीनमध्ये वाटल्या, उरलेल्या शौनकने डब्यासकट नेल्या. आमची क्वालिटीवाली रुतिका विचारत होती, यातला तुझा कुठला? बारशाला खुसपट काढणारी एक आत्या असतेच. म्हटलं, आईला आपलं पोर ओळखता येत नाही का?

२ एप्रिल
चिरंजीवी काय वाढतेय! फ्लास्क पुरत नाहीत. माझ्या हाताला गुण आहे. शौनक बिचारा हैराण. त्याच्या कॅन्सरच्या पेशी अचानक सावकाश, शिस्तीत वाढायला लागल्यात. दया आली. म्हटलं, पेशींशी प्रेमाने बोल. रुतिका गुणसूत्रांच्या टेस्टसाठी मागे लागलीये. सोमवारी नक्की.

२१ एप्रिल
सोमवार. टेस्ट महाग, म्हणून आधी जेलची केली. नेक पेशींना पायाखाली जमीन लागते, जेलमध्ये अधांतरी वाढतात त्या कॅन्सरच्या. चिरंजीवी अधांतरी वाढली. रुतिकाने वहीत नोंद केली. तिला समजावलं, अर्धी नवी मुंबई खाडीवर भराव टाकून उभी आहे, जमीन कुणाला लागते? जेल खराब असणार.
संध्याकाळी खारघरला टू बीएचके पाहिला. आईने देव्हाऱ्याची जागासुद्धा ठरवली. पर्मनंट झालो की बुकिंग.

५ मे
मॅडमनी मला न विचारता नमुना बाहेर तपासायला दिला. राग आला. मग विचार केला, बरंच झालं, माझे कष्ट वाचले. निकाल उद्या. पेढे आणून ठेवलेत. आनंदाने झोप येत नाहीये.

६ मे
मॅडम म्हणाल्या, गुणसूत्रं सेहेचाळीस हवीत, तुझी पंचावन्न. मी म्हटलं, कमी तर नाहीत ना?
रुतिका म्हणाली, “भावेश, हा वरवंटा आहे.”
मग शौनकचा फ्लास्क तपासायला गेला. मी म्हटलं, त्यात काय मिळणार?

१६ मे
सेहेचाळीस मिळाली. सगळी जागच्या जागी. जेलमध्ये एक पेशी वाढली नाही. मॅडमना भरून आलं. इतक्या वेळा विभागूनही इतक्या गुणी, म्हणाल्या, सांभाळणाऱ्याचं कौतुक. शौनक पर्मनंट. पेढे माझेच वाटले गेले. मला चिरंजीवी ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेत मारायला टाक म्हणून सांगितलं. टाकली. झाकण लावताना रडू आलं.
आईला फोन केला. फ्लॅटचं राहू दे म्हटलं, सगळं सांगितलं. 
“दोन म्हयने वरवंटाच जोजवलास व्हय रं?”
मग म्हणाली, असू दे, घुगऱ्यांचा डबा तरी घेऊन ये.
डबा शौनककडे आहे.