मिसेस पॅजेटच्या स्वयंपाकघरावरची खोली

प्रिय ऑगस्टाताई,

सादर नमस्कार. समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली असेल, अशी आशा आहे. माझी तब्येत घरासारखीच, म्हणजे समोरून ठीक. (समोरचा विटांचा रुबाब तुला आठवत असेलच. त्यामागे ओकची जुनी लाकडं एकमेकांच्या खांद्यावर रेलून कशीबशी उभी आहेत, आणि पलंगाच्या दोन पायांखाली अजून आपली शाळेची पुस्तकं आहेत, नाहीतर मी झोपेत खिडकीकडे घरंगळतो.)

माझी निजायची खोली शेजारच्या मिसेस पॅजेटच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर आहे, हे तू जाणतेसच. कोण्या शहाण्याने एका घराची दोन करताना खालची भिंत एकीकडे घातली आणि वरची दुसरीकडे. त्यामुळे माझी जमीन तेच त्यांचं छत. रोज सकाळी दाढी करताना मी शाळेतली ती दीपस्तंभाच्या राखणदाराची कविता मोठ्याने म्हणतो (मास्तर म्हणायचे, माझ्या आवाजात समुद्र आहे; बहुधा भरतीचा), आणि पूर्वी खालून झाडूच्या दांड्याचे ठोके पडत. वर्षानुवर्षं मी ती तक्रार समजत आलो. अखेर माझ्यातला सभ्य गृहस्थ जागा झाला आणि मी फळ्यांवर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा अंथरला, त्यावर गालिचा. जुन्या घरांवर देखरेख करणारा नगरपालिकेचा साहेब पाहून गेला. एकही खिळा ठोकला नाही म्हणून त्याने माझी पाठ थोपटली. ठोके थांबले. मी खूश.

मग वसंतात एके दिवशी दाराशी सामानाची गाडी उभी. मिसेस पॅजेट भाचीकडे, तुझ्याच गावी, कायमच्या निघाल्या होत्या. निरोप घेताना मी मोठ्या मनाने म्हणालो की, उशिरा का होईना, तुम्हाला शांतता तरी दिली.

हातमोजे चढवत त्या म्हणाल्या, "शांतता मागितली होती कुणी? तुम्ही रोज तिसरं कडवं गाळायचात, मिस्टर थॉर्ली. मी आठवण करून देत होते. तुम्ही तर दारच लावून घेतलंत."

आता खाली एक तरुण जोडपं राहतं. फार समंजस आहे. काही म्हणजे काही ठोकत नाही.

तुझा धाकटा,
एडविन

ता. क. नमदा काढून टाकला. खालच्यांचा टोस्ट करपल्याचा वास तेवढा वर येतो.

ता. क. २. रविवारी चर्चमध्ये त्या भेटल्या, तर सहज विचार, ते तिसरं कडवं काय होतं? म्हणावं, भावाला काही केल्या आठवत नाही. पत्राने कळवलं तरी चालेल. येऊन सांगितलं तर उत्तम.

ता. क. ३. मला ते तोंडपाठ आहे. त्यात राखणदाराची बायको त्याला सोडून जाते, म्हणून म्हणवत नव्हतं. हे मात्र त्यांना सांगू नकोस.