मिरचीच्या उखळात कुटलेले सोल्युशन

नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश,
मार्च १९४४

लिहून देणार उदेसिंग वल्द मोहनसिंग गिरासे, वय वर्षे अडुसष्ट, शिक्षण मराठी चौथी पास, पूर्वी पोलीस जमादार, हल्ली सरकारी पेन्शन व स्टेशनरस्त्यावर सायकलदुरुस्तीचे दुकान. खाली लिहिलेले सर्व सत्य आहे.

राजमान्य राजेश्री गिरधरसिंगजी, मुक्काम म्हसावद, यांसी सविनय रामराम. (आपणांस व्याही म्हणण्याचा अधिकार अद्याप प्राप्त झालेला नाही, म्हणून नुसत्या नावाने लिहिले. गैर मानू नये.) येथे सर्व खुशाल. आपली, आपल्या कुटुंबाची व विशेषेकरून आपल्या उजव्या पायाची खुशाली कळवावी.

महिन्यापूर्वी आपण आमची नात चि. सौ. कां. फुलवंता हिला आपल्या चिरंजिवांसाठी पाहून गेलात, आणि होकार वा नकार न देता, एक पाय ओल्या पंच्यात गुंडाळून परतलात. मुलगी पसंत आहे किंवा नाही, हे विचारण्यासाठी हे पत्र नव्हे. मुलीकडच्यांनी असे विचारण्याची रीत आमच्या घराण्यात नाही. केवळ जोड्याविषयीचा गैरसमज दूर व्हावा, एवढाच हेतू.

आपण जाणताच की, लढाईमुळे रबर मिळेनासे झाले आहे. ठिगळे चिकटवण्याच्या सोल्युशनचा डबा पूर्वीच्या चौपट दराने घ्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक मात्र पूर्वीच्याच दराने पंक्चर काढून मागते. तेव्हा मी स्वतःच्या बुद्धीने असा विचार केला की, दुकानामागे फाटक्या ट्यूबांचा ढीग पडला आहे, तेही रबरच. ते बारीक कातरून पेट्रोलात भिजवले. आठ दिवसांनी तुकडे फुगून पुरीसारखे झाले, परंतु विरघळला एकही नाही. मग साबणवाल्याकडील कॉस्टिक सोड्यात दिवसभर उकळले. (त्या वासाने शेजारी दोन दिवस मामाकडे राहण्यास गेले. त्यांना मामा आहे हे तेव्हाच कळले.) आता ते मऊ झाले, पण लगदा होण्यास कुटणे आवश्यक होते. घरच्या उखळास आमच्या कुटुंबाने, म्हणजे धनुबाईंनी, हात लावू दिला नाही. सबब मिरचीचे व्यापारी शांतीलाल शेठ यांचेकडून त्यांचे मोठे लोखंडी उखळ मागून आणले. धनुबाईंनी दाराआडून सुचवले, "उखय मिरचीनं शे. पहिले धुई काढा, मंग कुटा." मी सांगितले की, पेट्रोल हा तेज पदार्थ आहे, त्यापुढे मिरची टिकणार नाही. या ठिकाणी माझी चूक झाली, हे मी कबूल करतो. पेट्रोलाने मिरची जात नाही. ती त्यात विरघळते व सर्वत्र समान पसरते.

तो लगदा, थोडे पेट्रोल, थोडी राळ, आणि चौथा हिस्सा विकतचे सोल्युशन, असे मिश्रण केले. चिकटण्यास ते उत्तम ठरले, आणि खर्च निम्म्याहून खाली आला. त्याच दुपारी आपले आगमन झाले. आपण जेवावयास बसला असता, ओसरीवर आपला उजवा जोडा मला दिसला. त्याचा तळ सुसरीसारखा जबडा उघडून बसला होता. (हा जोडा आपण माझ्या पुतण्याच्या लग्नातही घातला होता, आणि त्या पुतण्यास आज चार मुले आहेत. काटकसर हा गुण आहे, मी नाव ठेवीत नाही.) पाहुण्यास फाटक्या जोड्याने परत पाठवू नये, म्हणून न विचारता तळ चिकटवला, आणि आतील अस्तर सुटलेले होते, तेही चिकटवले. ही दुसरी चूक.

पुढील हकीकत आपणांस अधिक ठाऊक. आपण मोटारस्टँडकडे निघालात, ऊन होते, पायास घाम आला. थोड्याच वेळाने बाज्या टांगेवाला धावत येऊन म्हणाला, "जमादारसाहेब, तुम्हना पाव्हना रस्तामा नाची ऱ्हायना." मी पोहोचलो, तो आपण जोड्यासह पाय बैलांच्या हौदात घालून बसला होतात, आणि दोन बैल तहानलेले उभे होते. आपण मला एकच प्रश्न केलात, "ह्या जोडामा काय शे?" चार माणसांत सत्य सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. ते आज या पत्राने सांगितले. मात्र घटकाभर पाण्यात राहूनही तळ सुटला नाही, हे आपण मोठ्या मनाने मान्य करावे. उखळ आता धुतले आहे, आणि नव्या लगद्याची परीक्षा मी स्वतःच्या जोड्यावर घेतली आहे. लोभ असावा.

ता. क. : तो जोडा टाकला नसल्यास पाठवून द्यावा. दुकानाच्या दर्शनी भागी टांगीन, आपले नाव लिहिणार नाही.

दुसरा ता. क. : आपले चिरंजीव दलसिंग या महिन्यात चौथ्यांदा, सोळा कोस सायकल हाणून व तापी नावेने ओलांडून, पंक्चर काढून घेण्यास आमचे दुकानी आले आहेत. वाटेत शहाद्यास दोन दुकाने आहेत. ट्यूब पाण्यात धरून पाहिली, बुडबुडा एकही नाही. फुलवंता बादलीत पाणी ओतण्यास तीन वेळा बाहेर आली. बादली पहिल्या वेळीच भरली होती. जमादारकीत बत्तीस वर्षे गेली असल्याने अधिक तपास केला नाही. तरी विनंती की, होकार परतीच्या टपालाने पाठवावा. लढाईच्या दिवसांत धडधाकट ट्यूबेवर दर आठवड्यास ठिगळ लावणे, हा रबराचा अपव्यय होय.

हे पत्र लिहिते वेळी हजर असलेले साक्षीदार :
१. शांतीलाल शेठ, मिरचीचे व्यापारी. उखळ परत नेण्यास आले.
२. बाज्या, टांगेवाला. अंगठा.
३. धनुबाई, दाराआडून.
४. दलसिंग गिरधरसिंग, राहणार म्हसावद. मजकूर वाचून पाहिला, खरा आहे म्हणाले, सही केली.