सॅम्युएलकाकांचा दवाखान्यातला फोटो

देवरी, रविवार, १२ नोव्हेंबर २०१७, संध्याकाळ

काकांचं दफन झाल्यावर आज प्रथमच काकूंकडे गेलो. चर्चच्या मंडळीचा पाळक मी, जायलाच हवं होतं. त्यांनी फोन पुढे केला. फेसबुकवरचा तोच फोटो. नाकात नळी, शर्टाची बटणं उघडी. आमच्या मंडळीतल्या विनोदनं काका दवाखान्यात असताना प्रार्थनेसाठी टाकला होता, खाली काकूंचा नंबर देऊन. प्रेमानंच टाकला. पण काकांना विचारलं कोणी?

"इस्त्री केल्याबिगर ते चर्चले येत नव्हते, पास्टर. त्याहीले असं उघडं सारे पाहून राहिले. काऊन टाकला?"

मी विनोदला फोन लावला. तो रडला, लगेच फेसबुकवरून फोटो काढून टाकला त्यानं. पण तोवर कितीतरी अनोळखी लोकांनी तो पुढे पाठवलेला.

ती उघडी बटणं डोळ्यांपुढून हलत नाहीत. मंडळीला काय सांगू? दुसऱ्याचं दुखणं त्याला विचारल्याशिवाय जगापुढे मांडू नका, एवढंच?

निघताना काकूंचा फोन वाजला. रायपूरच्या कुण्या बाईंचा मेसेज: 'भाई के लिए आज भी उपवास रखा है।'

"ते गेले म्हून इले कोण सांगल?" काकूंनी विचारलं.

मी सांगतो म्हणालो. नंबर आणलाय. अजून धीर होत नाही. ती बाई अजून उपाशीच असेल.