वरच्या खोलीची अट

प्रिय ताई,

फोनवर हे तोंडातून निघणार नाही, म्हणून लिहितेय. मी सुखरूप आहे, हे आधी वाच.

आमच्या घराचे फोटो तू पाहिलेस, पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. हे घर घेण्याआधीच्या आठ वर्षांत आम्ही भाड्याची पाच घरं बदलली. परदेशी म्हटलं की बँक कर्जाला नाक मुरडते आणि घरमालक वर्षभरात बाहेर काढतो. म्हणून दलालाने निम्म्या किमतीत दुमजली घर दाखवलं तेव्हा आम्ही हुरळून गेलो. अट एकच होती. घर विकणाऱ्या बाई, निवृत्त शिक्षिका, मरेपर्यंत वरच्या खोलीत राहणार. नोंदणी कार्यालयात दुभाष्याने कागद भराभर वाचले, आम्ही चौदा ठिकाणी सह्या केल्या. बाहेर आल्यावर दलाल म्हणाला, "चौऱ्याऐंशीच्या आहेत, हृदय अधू. किती दिवस जगणार?" हे हसले. ताई, मीही हसले.

त्याला तीन वर्षं झाली. बाई ठणठणीत आहेत. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला निघण्याआधी मी त्यांच्या गोळ्या काढून ठेवते, संध्याकाळी त्या मला इथली भाषा शिकवतात आणि माझे उच्चार ऐकून कपाळाला हात लावतात. यांचंही त्यांच्याशी छान जमायचं. गळका नळ, खिडकीची कडी, न सांगता दुरुस्त करायचे. मुलगा मायाळू आहे, असं स्थळ बघून आल्यावर तूच म्हणाली होतीस. खोटं नव्हतं ते.

चार महिन्यांपूर्वी यांचा कारखाना बंद पडला. आमचा इथे राहण्याचा परवाना यांच्या नोकरीवर. आणखी दोन महिन्यांत दुसरी लागली नाही तर देश सोडायचा. घर विकावं तर वरची खोली भरलेली, गिऱ्हाईक अट ऐकून दारातूनच परत जातं. हे दिवसभर स्वयंपाकघरात बसू लागले. वर बाईंची पावलं वाजली की नजर छताला.

गेल्या सोमवारी कामावरून आले तर जिन्याचा कठडा गायब. "ढिला झाला होता, बसवतो," म्हणाले. कठडा मागच्या अंगणात भिंतीला टेकवलेला. बुधवारीही तिथेच. यांच्या हाताला पाच मिनिटांचं काम गं ते! मी शेजारच्या सुताराला बोलावून तो बसवून घेतला. आज दुपारी लवकर घरी आले, कठड्यावर हात ठेवला आणि तो बाहेर झुकला. खालचे सगळे स्क्रू काढून खिडकीत ओळीने मांडून ठेवले होते.

ते मुठीत घेऊन मी यांच्यापुढे उभी राहिले. वाटलं, चिडतील, नाही म्हणतील. हातातला चहाचा कपसुद्धा खाली न ठेवता म्हणाले, "वय झालंय त्यांचं. म्हातारी माणसं पडतात." पण त्याहून वाईट ऐक. एक क्षण माझ्या मनात आलं, मी गप्प राहिले तर? त्या क्षणाची मला यांच्यापेक्षा जास्त भीती वाटते.

तेवढ्यात वर दार उघडलं. "थांबा!" मी चक्क मराठीत ओरडले. बाईंना शब्द कळला नाही, आवाज कळला. त्या पहिल्या पायरीवरच थबकल्या. मी धावत वर गेले, त्यांना भिंतीच्या कडेने धरून एकेक पायरी खाली आणलं आणि तशीच घराबाहेर पडले. हे उठलेही नाहीत.

आता कामावरच्या मैत्रिणीच्या खोलीत आहोत. बाई पलंगावर बसल्यात. माझा उजवा हात सोडत नाहीत. दुसऱ्या हाताने लिहीत असल्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलंय.

टपाल पोचायला पंधरा दिवस लागतील, म्हणून या कागदांचा फोटो काढून आत्ताच पाठवतेय. उद्या बाईंना घेऊन पोलिसांकडे जाणार आहे. मग घर राहील का, परवाना राहील का, ठाऊक नाही. हे आधी तुलाच फोन करतील. रडतील, आणि ते रडणं नाटकी नसेल. तरी मी कुठे आहे ते सांगू नकोस, ताई, तुला माझी शपथ. आणि मला इथून परत पाठवलं, तर विमानतळावर मी एकटीच उतरेन. न्यायला ये. आईला तोवर काही कळू देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी